'मॅडम, एक उरला': तिसरीतल्या एका वहीचं प्रकरण

माझ्या तिसरीतल्या एका मुलाची वही मी स्वतःच शाळाभेटीला आलेल्या साहेबांपुढे ठेवली होती, हे आधी कबूल करते. टेबलावर सात-आठ वह्या ठेवायच्या म्हटल्या की आपण चांगल्याच काढतो. त्याची सगळ्यात वर होती. टपोरं अक्षर, ओळ न सोडणारं, शिरोरेघा पट्टीने ओढल्यासारख्या. साहेबांनी शेरा मारला, 'हस्ताक्षर उत्तम'.

आठवडाभराने फळ्यावरचा एक शब्द अर्धा पुसला गेला होता. तो पहिल्या ओळीत होता आणि त्याचं उतरवून झालं होतं, म्हणून मी त्यालाच विचारलं, "काय शब्द होता रे तो? बघ तुझ्या वहीत." त्याने वहीत पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत वहीत. म्हणाला, "काढलाय की मी."

'काढलाय' म्हणाला. 'लिहिलाय' म्हणाला नाही.

मधल्या सुट्टीत त्याला जवळ बसवलं आणि त्याच्याच वहीतली ओळ वाचायला सांगितली. स्वतःचं नाव ओळखलं. क, म, र, ल, ब अशी थोडी सुटी अक्षरं ओळखली. अक्षराला वेलांटी किंवा मात्रा लागली की ते त्याच्यासाठी परकं व्हायचं. म्हणजे फळ्यावरचा धड्याचा मजकूर हा मुलगा दोन वर्षं रांगोळीसारखा उतरवत होता, आणि त्यावर मी 'छान'च्या सह्या करत होते.

हे लेखन त्या एका मुलाबद्दल आणि दिवाळीनंतरच्या पाच महिन्यांबद्दल आहे. गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. माझ्याकडे पहिली आणि तिसरी. तिसरीच्या पटावर 17. मुलांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

दोन वर्षं कुठे गेली

आमच्याकडे शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि ऊसतोडीचं दसरा-दिवाळीच्या सुमाराला. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', आणि तो कोयता पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या फडावर जातो, तो मार्च-एप्रिलला परततो. मुलं एकतर सोबत जातात, किंवा आजी-आजोबांकडे राहतात, किंवा गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं तर तिथे जेवतात. हा मुलगा पहिलीत आणि दुसरीत दोन्ही वर्षं सोबत गेला होता.

आता पहिलीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. पाठ्यपुस्तकात अक्षरांचा क्रम वेगळा असतो, तरी भिंतीवरचा तक्ता क पासून ज्ञ पर्यंत आणि आमची सवयही तीच. आधी सगळी अक्षरं, मग काना, मग वेलांट्या. 'ङ' आणि 'ञ' या दोघांवरही आम्ही वेळ घालवतो, ज्यांनी सुरू होणारा एक शब्द मला आजतागायत सापडलेला नाही. दिवाळी येते तेव्हा वर्ग कुठे असतो? अक्षरं संपत आलेली असतात, मात्रा सुरू व्हायच्या असतात. नेमक्या त्या दिवसांत हा मुलगा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसायचा. दोनदा हेच झालं. त्यामुळे त्याच्याकडे अक्षरं होती आणि मात्रा नव्हत्या. मुलगा मंद नव्हता. आमचा क्रम आणि गळीत हंगाम एकमेकांना छेदत होते.

अशी मुलं आमच्याच शाळेत आहेत असंही नाही. 'असर' या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीत 2024 साली ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या फक्त 23.4 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. 2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाचं उद्दिष्ट 2026-27 पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मूल वाचतं करण्याचं आहे. हे आकडे मी प्रशिक्षणात लिहून घेतले होते. ते माझ्या पहिल्या ओळीत बसलेले आहेत हे मात्र दिसलं नव्हतं.

आधी केलेल्या चुका

15 ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो, आपल्या राज्यात 2015 पासून. आम्हीही केला. वर्गाच्या कोपऱ्यात सुतळी बांधली, तीवर पुस्तकं वाळत घातली, 'वाचन कोपरा' अशी पाटी लावली. मुलांना ओळीने बसवून पंधरा मिनिटं मूक वाचन, त्याचा व्हिडिओ गटावर. नंतर घरी तो व्हिडिओ पाहताना दिसलं, की शेजारच्याने पान उलटलं की हा उलटतोय. दर वेळी, एका श्वासाच्या अंतराने. सगळी पंधरा मिनिटं तो शेजाऱ्याला वाचत होता.

मग मी जादा तास घेतला आणि त्याला रोज बाराखडी लिहायला लावली. काय झालं असेल ते ओळखणं अवघड नाही. बाराखडी इतकी सुरेख लिहिली की फळ्याशेजारी लावावी.

त्या वर्षी आजोबांना बरं नव्हतं, म्हणून आजीजवळ एकाला ठेवायचं ठरलं आणि हा मागे राहिला. दिवाळी झाली, आई-वडील गेले, आणि मुलगा बोलायचाच बंद झाला. आधी निदान मैदानात आरडाओरडा करायचा.

बैलाचा पाय

एक दिवस खिचडीच्या रांगेत मुलांचं भांडण चाललं होतं: बैलगाडी जास्त ऊस ओढते की ट्रॅक्टर. हा एकदम मध्ये पडला आणि मागच्या वर्षीचं सांगायला लागला. गाडी भरलेली, उतार, एक बैल घसरला. ताट हातात तसंच. दहा-बारा वाक्यं सलग बोलला. जेवण झाल्यावर मी म्हटलं, "ते परत सांग, मी फळ्यावर लिहिते." त्याने विचार करून एकच वाक्य दिलं:

"आमच्या बैलाचा पाय मोडला तवा माय रडायलती."

मी लिहिलं: 'आमच्या बैलाचा पाय मोडला तेव्हा आई रडत होती.'

हात आपोआप वळला. वीस वर्षांची सवय. मी त्याला म्हटलं, "आता एकेका शब्दावर बोट ठेव आणि वाच." वाचता येत नसलं तरी वाक्य त्याचंच असल्याने त्याला पाठ होतं. फळ्यापाशी जाऊन त्याने बोट ठेवलं. आमच्या, बैलाचा, पाय, मोडला. 'तेव्हा'वर बोट ठेवून म्हणाला 'तवा'. 'आई'वर बोट ठेवून 'माय'. 'रडत'वर बोट ठेवून 'रडायलती'. वाक्य संपलं आणि बोटापुढे 'होती' शिल्लक.

तो थांबला. मागे गेला, पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं. पुन्हा तेच. माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, एक उरला."

वाचता न येणाऱ्या मुलाने माझी चूक पकडली होती. बोललेला एक शब्द म्हणजे लिहिलेला एक शब्द, ही वाचनातली पहिली पायरी त्याला कुणी न सांगता कळलेली होती, आणि मी त्याच्या तोंडचा शब्द बदलून तीच पायरी काढून घेत होते. मी फळा पुसला आणि तो बोलला तसं लिहिलं. या वेळी बोट आणि आवाज एकत्र थांबले. तो तिथेच उभा राहिला, वाक्याकडे बघत. थोड्या वेळाने 'बैलाचा'मधल्या 'ला'वर बोट ठेवलं, मग 'रडायलती'मधल्या 'ल'वर. "ह्यो ल आन् ह्यो बी ल. पर ह्याला काना न्हाई."

दोन वर्षांत त्याने मात्रेबद्दल काढलेलं हे पहिलं वाक्य.

मग काय केलं

दुसऱ्या दिवसापासून तिसरीत प्रत्येकाला एक 'सांगायची वही' दिली. मूल दोन-तीन वाक्यं सांगणार, मी ती त्याच्या शब्दांत लिहिणार, मूल बोट ठेवून वाचणार. नंतर तीच वाक्यं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहून पट्टी कापायची, पट्टीचे शब्द कापायचे, ते मिसळून पुन्हा लावायचे. सांगणं सोपं, करणं दमवणारं आहे. रोज सगळ्यांचं होत नाही. मी दिवसाला पाच मुलं धरली. त्या वेळात पहिलीला चिंचोके आणि पाट्या देऊन गुंतवून ठेवलं, आणि पहिलीचं त्यात थोडं नुकसान झालंच, हेही लिहून ठेवते.

सोबत अक्षरांचा क्रम बदलला. फलटणला प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी जी पद्धत रुजवली तिच्याबद्दल ऐकून होते: थोडी अक्षरं आणि एखाद-दुसरं स्वरचिन्ह एकदमच घ्यायचं, आणि लगेच त्यांतून अर्थाचे शब्द, अर्थाची वाक्यं करायची. अमेरिकेतून आलेल्या या बाईंनी पीएचडी फलटणच्या लोकांच्या बोलण्यावर केली होती, हे मला तेव्हा नुसतं आश्चर्याचं वाटलं होतं. 'एक उरला'नंतर त्याचा अर्थ लागला. लोक कसे बोलतात हे जिला नीट ऐकू आलं, तिलाच मुलं कुठे अडतात ते कळणार.

आम्ही ब, ल, म, र, य, आ आणि काना घेतला. एवढ्यात 'माय', 'मामा', 'लाल', 'माल', 'मामा आला' इतकं वाचता येतं. तीन दिवसांत तो वाक्य वाचत होता, आणि 'सगळी अक्षरं झाल्यावर मात्रा' हा नियम आपण कुठून आणला असा प्रश्न मला पडला. वेलांटीने मात्र दम काढला. 'मिरची' लिहिताना पहिली वेलांटी हाताला आधी काढावी लागते आणि तोंडाला 'म' नंतर ऐकू येते. तो 'म' लिहून त्याच्या पुढेच वेलांटी द्यायचा, म्हणजे ती 'र'च्या डोक्यावर बसायची. त्याच्या कानाच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. यावर युक्ती अशी काही नाही, सराव हाच उपाय. 'र'ची सोंगं, म्हणजे 'प्र', 'ट्र' आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढून बसणारा रफार, यांना आम्ही उन्हाळ्यापर्यंत हातच लावला नाही.

लेखन सुरू झालं ते वेगळ्याच कारणाने. डिसेंबरात त्याने विचारलं, "हे मायला दाखवता येतं का?" मी वहीच्या पानाचा फोटो काढून टोळीतल्या त्याच्या चुलत्याच्या फोनवर पाठवला. आईला वाचता येत नाही. कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपीत, रात्री चुलत्याच्या मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी आईचा आवाज आला. मागे पातेल्याचा खडखडाट, कुणाचं तरी खोकणं, आणि ती: "समद्यांनी ऐकलं बाळा. म्हस याली का? कुणी सांगंना झालंय."

पूर्ण वर्गाने तो निरोप तीनदा ऐकला. मग हा जागेवर गेला आणि मला न विचारता लिहायला बसला. 'मस याली. वगार झाली. आजि दुद देती.' पहिल्यांदा काढलं नाही, लिहिलं. आणि अक्षर भयंकर! ओळ सुटलेली, शिरोरेघेचा पत्ता नाही, दोन ठिकाणी खोडलेलं. ते बघून मला किती आनंद झाला हे फक्त पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांना कळेल.

मी पुष्कळ विचार केला की हे त्या एका प्रश्नाने का घडलं. शाळेत आम्ही मुलांना जे विचारतो त्याचं उत्तर आम्हाला आधीच ठाऊक असतं. मुलांना हे पहिलीतच समजतं. 'माझी शाळा' यावर पाच ओळी लिही असं मी शाळेतच बसून सांगते, तेव्हा ते कुणासाठी लिहिणार? म्हैस व्याली का हे त्या बाईला खरोखर माहीत नव्हतं, आणि ते सांगू शकणारा एकटा तो होता. पुढच्या आठवड्यात निम्म्या वर्गाचे निरोप जायला लागले. माझ्या फोनची जागा संपली तो भाग वेगळा.

नियम एकच ठेवला: निरोपाला लाल पेन लागणार नाही. 'दुद' आहे तर 'दुद' जाईल. ऱ्हस्व-दीर्घाचं काम दुसऱ्या तासाला, दुसऱ्या शब्दांवर. 'आजि'ची 'आजी' व्हायला त्याला सहा-सात आठवडे लागले, आणि ती भिंतीवरचा शब्द बघून त्याने स्वतः केली.

सहकाऱ्यांचा आक्षेप

माझ्या सहकाऱ्यांना हे पटत नव्हतं. "मॅडम, 'रडायलती' वहीत लिहून देताय. उद्या चौथीत माझ्याकडे येतील. परीक्षेत कोण मार्क देणार?" आक्षेप खोटा नाही. प्रमाणभाषा न आलेल्या मुलाचं पुढे काय होतं हे ते गावकीतलेच असल्याने माझ्यापेक्षा जास्त जाणतात. म्हणून जानेवारीत भिंतीवर दोन रकाने केले, 'घरातलं' आणि 'पुस्तकातलं'. माय, आई. तवा, तेव्हा. रडायलती, रडत होती. मुलांना हा खेळच मिळाला. तिसऱ्या दिवशी एकीने तिसरा रकाना आखला: 'मॅडमचं'. मी साताऱ्याकडची, चिडले की 'न्हाय' म्हणते, हे त्यांनी टिपून ठेवलं होतं. सहकारी हसले, पण पूर्ण पटलं असं म्हणणार नाही. या वर्षी ते माझीच मुलं घेऊन बसलेत, बघू.

पुस्तकांचं थोडक्यात सांगते. लोखंडी कपाटातली पुस्तकं आम्ही शिक्षक किल्लीत ठेवतो, कारण एखादं हरवलं की नोंदवहीत आपलं नाव येतं. मी ते कपाट उघडं केलं. सुरुवातीला मुलांनी तिकडे बघितलंही नाही. ती एकमेकांच्या सांगायच्या वह्या वाचत होती, वह्यांचे पुठ्ठे सुटेपर्यंत. फेब्रुवारीत कोडी आणि चित्रं बघायला 'किशोर'चे जुने अंक निघाले. बालभारती 1971 पासून हे मासिक काढते आणि आमच्याकडे त्याचे गठ्ठे दोरी न सोडता पडून होते. एक पुस्तक शेळीने खाल्लं. आजी शेळीसकट माफी मागायला आली. निर्लेखनाच्या, म्हणजे पुस्तक नोंदीतून कमी करण्याच्या, प्रस्तावात 'शेळीने खाल्ले' असं लिहावं की 'जीर्ण झाले', यावर आमची शाळेत बराच वेळ चर्चा झाली.

जिचं जमलं नाही

वर्गात सगळ्यात पुढे असलेली एक मुलगी होती. नोव्हेंबरातच सलग वाचायची, तिची वही सगळ्यांत जाड. जानेवारीत आई फडावर बाळंत झाली आणि बाळ सांभाळायला हिला बोलावून घेतलं. ती वही घेऊन गेली. मी तिला सांगितलं, लिहीत जा, फोटो पाठव. दोन फोटो आले, मग थांबले. एप्रिलमध्ये परतली तेव्हा वही जपून आणली होती, पण पुढची पानं कोरी. मी विचारलं तर म्हणाली, "कुणाला लिवू? माय-बाप तिथंच व्हते."

मला हे सुचायला हवं होतं. डिसेंबरपासून या वर्गातून टोळ्यांकडे निरोप जात होते, आणि वर्गातून तिला एकानेही लिहिलं नाही. मीच कधी म्हटलं नाही. रोज पाच वह्या भरणाऱ्या मला तिची आठवण हजेरी घेताना यायची, तेवढीच. 'सोबत गेलेल्यांना आठवड्याला एक पत्र' हे या दिवाळीसाठी भिंतीवर लिहून ठेवलंय, फोन कुणाकुणाचा चालतो ती यादीही.

आणि तो? एप्रिलमध्ये 'असर'च्या धर्तीवर तपासलं तेव्हा परिच्छेद वाचला, अडखळत. मोठ्या गोष्टीला 'प्रत्येक' आणि 'स्वच्छ' या दोन शब्दांपाशी बसला आणि पुढे जायला तयार होईना. म्हणजे तिसरीच्या अपेक्षेत तो अजूनही मागेच आहे. आणखी दोघं शब्दांवरच आहेत. साहेबांनी त्याची वही या वेळी उघडली आणि विचारलं, "अक्षर बिघडलं का याचं?"

टोळी परतल्यावर आई शाळेत आली, पदराने घाम पुसत, दारातच उभी. तिला तो बैलाचा कागद बघायचा होता, जो फोटोतून पहिल्यांदा गेला होता. त्याने वही आणून वाचून दाखवला, या वेळी बोट न ठेवता. ती ऐकून म्हणाली, "आरं, पाय मोडला कुठं? मुरगाळला व्हता. चार दिसांत चालाया लागला."

तो वहीकडे बघत राहिला. मी पेन्सिल पुढे केली, वाटलं खोडेल.

"न्हाई," तो म्हणाला. "मोडलाच ठिवतो."